साडेसहा गुंठ्यांचा खेळ

टेनिसच्या कोर्टाच्या रेषा मोजल्या तर लांबी भरते २३.७७ मीटर आणि दुहेरीसाठीची रुंदी १०.९७ मीटर. पण नुसत्या रेषांपुरती जागा धरून कोणी कोर्ट बांधत नाही. खोल आलेला चेंडू घ्यायला मागे सरावं लागतं, कोपऱ्यातला घ्यायला बाजूला पळावं लागतं, म्हणून चहूबाजूंनी मोकळं सोडतात. ते धरलं की हिशोब साडेछत्तीस बाय सव्वाअठरा मीटरवर, म्हणजे साडेसहा गुंठ्यांवर जातो. एवढ्या जागेत एका वेळी खेळणार दोघी, फार तर चौघी. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं. ते सव्वाचार गुंठ्यांत बसतं आणि त्यात एका वेळी बारा जणी असतात. साहित्य काय, तर दोन खांब आणि चुन्याची फक्की.

मराठवाड्यातल्या मुलींच्या खेळाचा इतिहास बराचसा या हिशोबात आहे. धाराशिवच्या सारिका काळे खो-खोच्या भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या, २०२०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. खो-खो, कबड्डी, धावणं यांत आमच्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या मुली कुणाला ऐकत नाहीत. टेनिस म्हटलं की मात्र नांदेड-लातूरकडे पहिलं नाव निघतं सानिया मिर्झाचं. तेही थोड्या हक्काने, कारण हैदराबाद ही आमची जुनी राजधानी. सप्टेंबर १९४८पर्यंत नांदेड हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि स्वतंत्र जिल्हा व्हायला त्याला १९८२ उजाडावं लागलं.

सानियाने २००५ साली विंबल्डनच्या एकेरीत पहिली फेरी जिंकली तेव्हा गावोगावच्या वर्तमानपत्रांत तिचा फोटो होता. त्याच्या ७१ वर्षं आधी, १९३४ साली, मुंबईच्या लीला राव यांनी त्याच स्पर्धेत ब्रिटनच्या ग्लॅडिस साउथवेल यांना हरवलं होतं. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई मराठी घरातली, पुण्यात जन्मलेली, स्वतः टेनिसमधली विजेती आणि संस्कृतात महाकाव्यं लिहिणारी. आजोबांनी तुकारामांची गाथा संपादित केलेली. असं घर महाराष्ट्राच्या आठवणीतून इतकं निसटावं, याचं नवल वाटतं.

या बायकांना साडेसहा गुंठे मिळाले कुठून, हे बघायचं तर आधी थोडं इंग्लंडात जाऊन यावं लागतं.

लॉन टेनिस हा तसा अलीकडचा खेळ. मेजर वॉल्टर विंगफिल्ड या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि जाळं, खांब, रॅकेटी, चेंडू असा सगळा संच पेटीत घालून विकायला काढला. गिऱ्हाईक म्हणजे बंगल्यापुढे हिरवळ राखणारी घराणी. क्रोके खेळायला ती हिरवळ आधीच तयार होती. बायकांना हा खेळ इतका लवकर मिळाला त्याचं कारण इथेच आहे. क्रिकेटसाठी घराबाहेरच्या मैदानावर जावं लागे, टेनिस घरच्या आवारात, वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर, चहाच्या वेळी खेळता येई. विंबल्डनची स्पर्धा १८७७मध्ये सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. डब्लिनच्या फिट्झविल्यम क्लबने १८७९मध्ये स्त्रियांना स्पर्धेत घेतलं, विंबल्डनने १८८४मध्ये. त्या वर्षी तेरा जणी उतरल्या आणि अंतिम सामना झाला दोन सख्ख्या बहिणींत. मॉड वॉटसनने थोरल्या लिलियनला ६-८, ६-३, ६-३ असं हरवलं. वडील पाद्री. घरी बहिणी-बहिणींचाच सराव चालायचा. जिंकणारीला वीस गिनींची चांदीची फुलांची परडी मिळाली आणि हरणारीला चांदीच्या चौकटीचा हातआरसा. बक्षिसं निवडणाऱ्यांनी हरणारीच्या ड्रेसिंग टेबलाचा विचार केलेला दिसतो.

तीन वर्षांनी आली लॉटी डॉड. १८८७ साली विंबल्डन जिंकली तेव्हा तिचं वय १५ वर्षं २८५ दिवस. इतक्या कमी वयात विंबल्डनची महिला एकेरी आजवर दुसऱ्या कुणाला जिंकता आलेली नाही. एकूण पाच वेळा तिने ती स्पर्धा जिंकली आणि मग कंटाळून टेनिस सोडलं. पुढे इंग्लंडकडून हॉकी खेळली, १९०४मध्ये ब्रिटिश महिला गोल्फचं अजिंक्यपद मिळवलं आणि १९०८च्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीचं रौप्यपदक घेतलं. चेशायरमधल्या तिच्या घराच्या आवारात दोन टेनिस कोर्टं होती. दोन! आपल्या हिशोबात तेरा गुंठे. पैसा आला होता लिव्हरपूलच्या कापसाच्या व्यापारातून. त्या काळात हिंदुस्थानचा कापूसही बोटींतून लिव्हरपूललाच उतरायचा. ज्या नांदेडच्या गावरानी कापसाचं बाजारात नाव होतं, तिथल्या वाचकाने हा धागा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

लॉटीला आणखी एक सवलत होती. ती शाळकरी, त्यामुळे तिचा झगा पोटरीपर्यंतचा चालून जायचा. मोठ्या बायका मात्र घोट्यापर्यंतचा घोळदार पोशाख, आत दोन-तीन परकर, कमरेला हाडाच्या पट्ट्यांचा आवळ कॉर्सेट, डोक्यावर टोपी अशा थाटात पळायच्या. श्वास पुरा घेता येत नसे, खांदा पुरा वर जात नसे. डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स हीसुद्धा पाद्र्याचीच मुलगी आणि सात वेळची विंबल्डन विजेती. तिने १९१० साली स्त्रियांसाठी टेनिसचं पुस्तक लिहिलं, त्यात खेळाबरोबर कपड्यांचाही विचार करावा लागला. १९१९च्या अंतिम सामन्यात चाळिशीची चेंबर्स आणि विशीतली फ्रेंच सुझान लेंग्लेन समोरासमोर आल्या. लेंग्लेनच्या बाह्या आखूड, झगा पोटरीपर्यंत, आत कॉर्सेट नाही. दोन सेटच्या मध्ये ती ब्रँडीचा घोट घ्यायची. सामना १०-८, ४-६, ९-७ असा लेंग्लेनने जिंकला. इंग्लिश वर्तमानपत्रांना खेळाइतकंच तिच्या पोटऱ्यांबद्दल लिहायचं होतं. २००५मध्ये सानियाच्या स्कर्टवरून आपल्याकडे जो गदारोळ झाला, त्याला अशी बरीच जुनी परंपरा आहे.

कपड्यांवरून माझा एक वाद आहे. भारतातल्या बायका खेळात मागे राहिल्या त्या साडीमुळे, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. काष्टा घालून नेसलेली नऊवारी ही पळण्यासाठी, वाकण्यासाठी, चढण्यासाठी केलेली वेशभूषा आहे. मांड्या वेगळ्या, पाय मोकळे, पदर कमरेला खोचलेला. त्याच लुगड्यात आमच्या बायकांनी कापूस वेचला, ज्वारी काढली, विहिरीवर मोट चालवली. १८८४च्या विंबल्डनमधल्या मेमसाहेबांपेक्षा कापसाच्या रानातली बाई जास्त मोकळेपणी हालचाल करत होती. अडचण पोशाखाची असती तर ती केव्हाच सुटली असती. वेळ कुणाकडे होता, जागा कुणाकडे होती आणि समोर खेळायला कोण उभं राहणार होतं, हे प्रश्न खरे होते.

ते तिन्ही प्रश्न ज्यांच्या घरी सुटले होते अशा भारतीय स्त्रियांत पहिलं ठळक नाव मेहेरबाई टाटांचं. जन्म १८७९चा, माहेरच्या भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे भाचे. १८९८मध्ये जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी यांच्याशी लग्न झालं. दोराबजींना खेळांचं वेड. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली खेड्यांतून आलेले तरुण अनवाणी धावताना पाहून हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं त्यांच्या मनाने घेतलं, आणि १९२०मध्ये अँटवर्पला संघ गेलाही. नवरा असा असल्यावर मेहेरबाईंना टेनिससाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही. त्या साडी नेसूनच खेळायच्या, देशात आणि परदेशांतही. साठाहून जास्त बक्षिसं त्यांनी मिळवली असं सांगतात. बालविवाहाविरुद्धच्या चळवळीतही त्या होत्या.

१९२४च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मिश्र दुहेरीत मोहम्मद सलीम यांच्या जोडीला त्यांचं नाव दाखल झालं होतं. त्याच संघातर्फे नोरा पॉली महिला एकेरीत खेळल्या. आणि त्याच संघात होते हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी, ज्यांनी पुढे रणजी करंडकातलं पहिलंवहिलं शतक ठोकलं. म्हणजे निजामाच्या राज्यातला पुरुष तेव्हा टेनिससाठी पॅरिसपर्यंत पोचला होता. राजधानीत कोर्टं होती, शिकवणारे होते, स्पर्धा होत्या. बायकांसाठी मात्र त्या राज्यात पडदा होता, शाळा मोजक्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांत शिकवणं मातृभाषेत नव्हतं. जिथे मुलीला दुसरी-तिसरीच्या पुढे नेणं हाच पराक्रम, तिथे रॅकेट हातात कोण देणार? नांदेडला पहिलं मोठं कॉलेज, पीपल्स कॉलेज, निघालं १९५०मध्ये. लातूरचं दयानंद १९६१चं, राजर्षी शाहू १९७०चं. लीला राव विंबल्डनला खेळून आल्या त्याला तेव्हा अनुक्रमे सोळा, सत्तावीस आणि छत्तीस वर्षं झाली होती.

मेहेरबाईंचा शेवट लवकर झाला. रक्ताच्या कर्करोगाने १९३१मध्ये त्या गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी. त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट निघाला, ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी. दोराबजींच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा हॉस्पिटल १९४१मध्ये सुरू झालं. लातूर-नांदेडच्या जवळजवळ प्रत्येक गावात कुणाला तरी ‘टाटाला नेलेलं’ असतं. त्या हॉस्पिटलमागे एका टेनिस खेळणाऱ्या बाईचं आजारपण आहे, हे तिथल्या रांगेत उभं राहिल्यावर सुचण्यासारखं नाही, पण आहे.

आता राव मायलेकी. शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले संस्कृत पंडित. कालिदासाची नाटकं त्यांनी संपादित केली, अथर्ववेदाची आवृत्ती काढली. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांबरोबर त्यांनी सिद्ध केलेली तुकारामांची गाथा ‘इंदुप्रकाश’ने १८६९ ते १८७३च्या दरम्यान छापली. आजही गाथेचा अभ्यास करणाऱ्याला तिच्यापर्यंत जावंच लागतं. त्यांची मुलगी क्षमा, जन्म ४ जुलै १८९०. वडील गेले तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. पुढे मुंबईचे डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी तिचं लग्न झालं. संस्कृत तिने पुढे जिद्दीने हस्तगत केलं आणि त्या भाषेत अशा विषयांवर लिहिलं ज्यांकडे शास्त्री-पंडित वळले नव्हते. गांधींच्या चळवळीवर तिचं ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य आहे. इंग्रज सरकारच्या काळात ते १९३२ साली पॅरिसमध्ये छापावं लागलं. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं तिने संस्कृत श्लोकांत लिहिली. वडिलांनी ज्यांची गाथा शोधून छापली, त्या तुकोबांची गोष्ट मुलीने वडिलांच्या आवडत्या भाषेत सांगितली.

आणि हीच क्षमा राव १९२७ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी हार्ड कोर्ट स्पर्धेत महिला एकेरी जिंकते. वय छत्तिशी ओलांडलेलं, घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. तिच्या आयुष्यातला हा प्रसंग मला तिच्या कुठल्याही काव्याइतकाच मोलाचा वाटतो. आजही आमच्याकडे छत्तिशीतली बाई मैदानावर दिसली तर ती मुलाला सोडायला आली असेल असं समजतात.

त्या काळच्या खेळाचं सामानही पाहण्यासारखं होतं. रॅकेट लाकडाची, वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. आजची कार्बन फायबरची पावणेतीनशे-तीनशेची असते. तारा जनावरांच्या आतड्याच्या, त्या दमट हवेत सैल पडायच्या. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांचं काय होत असेल, ते ज्याने आषाढात तबल्याची शाई ओलावलेली पाहिली आहे त्याला सांगायला नको. लाकडी चौकट वाकू नये म्हणून खेळ झाला की रॅकेट एका लाकडी चिमट्यात घट्ट आवळून ठेवायची. चेंडू पांढरे. पिवळे चेंडू आले १९७२ला, टीव्हीवर नीट दिसावेत म्हणून, आणि विंबल्डनने ते मानले १९८६मध्ये. सगळं परदेशातून यायचं आणि महाग असायचं. डॉक्टरांच्या घरात ते परवडलं, मास्तरांच्या घरात परवडलं नसतं.

लीलेचा जन्म १९ डिसेंबर १९११चा. तिच्या आधी १९२९मध्ये खरगपूरची अँग्लो-इंडियन जेनी सँडिसन विंबल्डनला खेळून आली होती. खरगपूर हे रेल्वेचं गाव. रेल्वेच्या वसाहतींत अँग्लो-इंडियन मुलींना जागा आणि मोकळीक दोन्ही होती, म्हणून भारतीय टेनिसच्या आरंभीच्या यादीत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नावांची गर्दी दिसते. त्या गर्दीतून लीला वर आली. १९३१ ते १९४३ या काळात तिने अखिल भारतीय स्पर्धेची एकेरी सात वेळा जिंकली. घरात गुरू होती, ती आई. सरावाला जोडीदार शोधत बाहेर जायची गरज नव्हती, तीही आईच. वॉटसन बहिणींचा जो प्रकार बर्क्सवेलच्या पाद्र्याच्या घरी, तोच मुंबईत राव डॉक्टरांच्या घरी.

१९३४च्या विंबल्डनमध्ये पहिली फेरी जिंकल्यावर दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामॉफने तिला हरवलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरली. विंबल्डनची गोष्ट एवढीच. आज हा निकाल किरकोळ वाटेल. पण त्या काळात बोटीने जायला दोन-तीन आठवडे, हिरवळीवर खेळायचा सराव नाही, थंड दमट हवेत जड होणारा चेंडू, आणि समोर अशा मुली ज्या दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावच्या स्पर्धेत उतरत होत्या. मातीच्या कोर्टावर चेंडू जमिनीला लागून सावकाश वर येतो, हिरवळीवर तो घसरत, खालून, लवकर येतो. मुंबईत हात बसलेली मुलगी तिथे पोचून पहिला सामना जिंकते, याचा अर्थ तिचं तंत्र पक्कं होतं.

लीलाबाईंचं पुढचं आयुष्य टेनिसपेक्षा रंगीत आहे. १९४३मध्ये त्यांचं लग्न आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झालं. दयाल पुढे सिक्कीममध्ये भारताचे पोलिटिकल ऑफिसर होते, नंतर नेपाळमध्ये राजदूत. लीलाबाई नृत्याच्या अभ्यासाकडे वळल्या. मणिपुरी नृत्यावरचं त्यांचं पुस्तक १९५१मध्ये ऑक्सफर्डने काढलं. आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृतात छोटी नाटकं लिहिली आणि आई १९५४मध्ये गेल्यानंतर तिचं लेखन पुढे आणलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या दोघी येत नाहीत कारण त्या संस्कृतात लिहीत होत्या. क्रीडा-इतिहासात त्या एका ओळीत उरकल्या जातात कारण त्यांनी करंडक आणला नाही. दोन्हीकडच्या वह्यांच्या मधल्या फटीत त्या पडल्या.

यानंतरची साखळी भराभर सांगता येते. १९५२मध्ये रीटा दावर विंबल्डनच्या मुलींच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेल्या. १९७१मध्ये मुंबईच्या निरुपमा मांकड आनंद अमृतराज यांच्या जोडीने विंबल्डनला मिश्र दुहेरीत खेळल्या, त्यांना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. सासरे विनू मांकड, पती अशोक मांकड. पुन्हा खेळाचंच घर. १९९८मध्ये निरुपमा वैद्यनाथन यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकला.

मराठवाड्याची पाळी आली ती बार्शीच्या वाटेने.

बार्शी तांत्रिकदृष्ट्या सोलापूर जिल्ह्यात, पण लातूर-धाराशिवची तिच्याशी देवघेव जुनी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७मध्ये सुरू झाली आणि १९११मध्ये लातूरला पोचली. लीला राव जन्मल्या तेच साल. १९२७मध्ये दुसरं टोक मिरजेला टेकलं. क्षमा राव जिंकल्या ते साल. या गाडीने कापूस, करडी, शेंगदाणे आणि पंढरीचे वारकरी नेले. रॅकेट घेतलेली मुलगी तिच्या डब्यात बसलेली कुणी पाहिली नाही. त्याच बार्शीत १९९४मध्ये प्रार्थना ठोंबरे जन्मली. २०१४च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर तिने महिला दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं आणि २०१६मध्ये दोघी रिओ ऑलिंपिकला गेल्या. पहिल्याच फेरीत चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांनी त्यांना तीन सेटमध्ये हरवलं.

२०१६ हे साल लातूरकरांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, आणि मार्ग तोच, जुन्या बार्शी लाइटचा, मध्ये ब्रॉडगेज झालेला. ज्या शहरात नळाला महिन्यातून एकदाही पाणी येत नव्हतं, तिथे टेनिस कोर्टाचा विषय काढणंही विचित्र वाटेल. पण पाणी हा टेनिसचा फार जुना प्रश्न आहे. हिरवळीचं कोर्ट तर आपल्या हवेत परवडतच नाही. मातीचं किंवा मुरमाचं कोर्ट करायचं म्हटलं तरी त्याला रोज पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, खेळून झालं की झाडू मारायचा. दोन दिवस पाणी चुकलं की वरचा थर सुटतो आणि चेंडू वेडावाकडा उसळतो. दक्षिणेत यावर शेणाने सारवलेली कोर्टं हा उपाय होता आणि तमिळनाडूचे नामांकित खेळाडू तशा कोर्टांवरच घडले. आमच्याकडे अंगणं शेणाने सारवली गेली, कोर्टं नाही. आता सिमेंटच्या थरावर ॲक्रिलिक रंगाचं कोर्ट करतात. त्याला पाणी लागत नाही, पण पायाची काळजी नीट घेतली नाही तर काळ्या जमिनीत दोन उन्हाळ्यांत तडे जातात. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. कापसाला चांगली तीच जमीन कोर्टाला वाईट. म्हणून खालची काळी माती काढून मुरूम आणि खडी भरावी लागते, आणि तिथेच अंदाजपत्रक फुगतं.

मुळात कोर्ट बांधलं म्हणजे खेळाडू होतो असंही नाही. टेनिसमध्ये पुढे जायचं तर मानांकन लागतं, आणि ते गुणांवर ठरतं. बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालच्या स्पर्धा देशभर होतात, जिथे जाऊन जितक्या फेऱ्या जिंकाल तितके गुण. गावात बसून कितीही चांगलं खेळलं तरी गुण मिळत नाहीत. लातूरच्या मुलीला पुणं, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक असं महिन्यातून एकदा तरी निघावं लागतं. तिथे पहिल्याच दिवशी हरली तर दुसऱ्या दिवशी परत. तीन चेंडूंचा डबा चारेकशे रुपयांचा आणि त्यातला दम चार-सहा दिवसांत जातो. तारा तुटतात, बूट झिजतात. यावर एक खर्च असा आहे जो कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो. तेरा वर्षांचा मुलगा मित्राबरोबर, मास्तरांबरोबर जातो. तेरा वर्षांच्या मुलीबरोबर आई किंवा वडील जातात. मुलाचं एक तिकीट, मुलीची दोन. शिवाय आईच्या किंवा वडिलांच्या दोन दिवसांच्या रजा.

दहावी जवळ आली की आमच्याकडे आणखी एक भिंत उभी राहते. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नची ख्याती राज्यभर आहे, नांदेडही त्यात मागे नाही. पहाटे सहाचा क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी सराव परीक्षा. कोर्टावर जायची जी पहाट आणि संध्याकाळ, तीच क्लासचीही. आठवी-नववीपर्यंत छान खेळणाऱ्या मुली याच वळणावर रॅकेट माळ्यावर टाकतात. डॉक्टर होण्याच्या तयारीत खेळ अडथळा ठरतो, हे लीला रावांच्या डॉक्टर वडिलांना सांगून पटलं असतं की नाही कोण जाणे. त्यातल्या त्यात, शालेय लॉन टेनिसमध्ये राज्य पातळी गाठली की वाढीव गुण मिळतात आणि पुढे नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के जागांवर दावा सांगता येतो, म्हणून काही पालक धीर धरतात. टेनिसला स्पर्धक कमी, त्यामुळे विभागापर्यंतचा रस्ता मोकळा, असा व्यवहारी हिशोबही घरोघरी होतो. त्याला नाव ठेवायचं कारण नाही. कुठल्या का मिषाने होईना, मुलगी दोन वर्षं जास्त खेळते.

तालुक्याच्या ठिकाणची मुलगी मोठी खेळाडू झाली, की तिच्या प्रवासात एक टप्पा ठरलेला दिसतो, तो म्हणजे गाव सोडणं. श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले टेक्सासच्या विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं आशियाई सुवर्ण घेऊन आली. प्रार्थना बार्शीहून हैदराबादला गेली, सानियाने २०१३मध्ये काढलेल्या अकादमीत. महाराष्ट्रातले लोक टेनिस म्हटलं की पुण्याकडे बघतात आणि ते बरोबरच आहे. पण नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटर आणि हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. लातूरहूनही हैदराबाद काही लांब नाही. रात्री नांदेडला गाडीत बसलं की सकाळी सिकंदराबाद. नांदेडच्या ज्या पालकांना मुलीच्या टेनिसचं मनावर घ्यायचं आहे त्यांनी आधी तिकडची चौकशी करावी. राहायची सोय बघावी, वर्षाचा खर्च लिहून काढावा, आणि तिकिटं मात्र दोनच धरावीत.